बाजेचे चार कोपरे : अडून बसलेल्या मित्राला प्रभूपाशी कसं न्यायचं

संडे स्कूलमध्ये कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाची गोष्ट आली की मी पोरांना एक प्रश्न विचारतो. त्या चौघा मित्रांनी येशूला काय सांगितलं? पोरं लगेच हात वर करतात. "आमच्या मित्राला बरं करा", "प्रभू, दया करा". मग मी म्हणतो, मार्कचा दुसरा अध्याय काढा आणि दाखवा. कोणालाच सापडत नाही, कारण तिथे त्या चौघांच्या तोंडी एकही शब्द नाही. त्यांनी बाज उचलली, गर्दी पाहून छपरावर चढले, छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. तरी वचन म्हणतं की येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्या माणसाला क्षमा केली. 'त्याचा' नाही, 'त्यांचा'. आणि तो विश्वास डोळ्यांना दिसला. नखांत माती गेलेल्या, घामाघूम चौघांचा होता तो.

हा लेख त्या बाजेबद्दल आहे. नागपूरच्या मोहननगरात माझ्याच गल्लीत वाढलेला एक मित्र काही वर्षांपूर्वी असाच आडवा पडला. हिंगणा एमआयडीसीतली नोकरी गेली, मग दारू, मग उधारी, मग उपासनेला येणं बंद. त्याला उचलताना आम्ही बऱ्याच चुका केल्या. पुढच्या पायऱ्या त्या चुकांमधूनच आल्या आहेत.

आधी त्यालाच विचारा

आपल्याकडे कोणी उपासनेला दिसेनासा झाला की निदान तयार असतं: "विश्वास कमी पडला." मीही हेच म्हणत होतो. प्रत्यक्षात अडचण तीनपैकी एका ठिकाणी असते, बहुतेक वेळा तिन्ही ठिकाणी थोडीथोडी. एक, शरीर किंवा मन आजारी असतं. दोन, घरात पैसा नाही किंवा भांडण आहे. तीन, पापाची लाज आहे किंवा देवावर राग आहे. तिसऱ्यासाठी वचन आणि पाळक लागतात, पहिल्यासाठी डॉक्टर लागतो, आणि दुसऱ्यासाठी कोणीतरी किराणा भरायला लागतो. उपाय उलटसुलट केले की माणूस आणखी दूर जातो.

यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला बार्तीमय येशूला हाका मारत ओरडत होता. तो आंधळा होता हे सगळ्या गर्दीला दिसत होतं. तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हाच प्रश्न विचारा, आपल्या भाषेत. मी माझ्या मित्राला सदर भागातल्या एका चहाच्या टपरीवर विचारलं, "मी काय करू शकतो तुझ्यासाठी?" मला वाटलं तो म्हणेल प्रार्थना कर. तो म्हणाला, "पोराची फी भरायची राहून गेली बे. शाळेतून फोन येऊन राहिले." दोन महिने मी त्याच्यासाठी दारूमुक्तीची प्रार्थना करत होतो आणि त्याला रात्री झोप लागत नव्हती ती फीच्या काळजीने.

त्याने "काही नको" म्हटलं तर ऐकून घ्या, पंधरा दिवसांनी परत विचारा. बाजेवरचा माणूस नको म्हणत असताना त्याला छपरावर चढवू नये.

चौघं जमवा, आणि चौघंच

एकटा माणूस बाज उचलू शकत नाही. तो फक्त ती ओढू शकतो, आणि ओढताना वरचा माणूस खाली पडतो. माझं पहिल्या तीन महिन्यांत हेच झालं. रोज फोन मीच करायचो, पैसेही मीच द्यायचो, चिडायचोही मीच.

चार कोपऱ्यांची कामं वेगळी असावीत. एकाने संपर्क ठेवायचा: दिवसाआड फोन, आठवड्यातून एकदा भेट. दुसऱ्याने दवाखान्यासोबत कागदपत्रं सांभाळायची. तिसऱ्याने, शक्यतो एखाद्या बहिणीने, त्याच्या घराकडे पाहायचं. बायको आणि पोरं बऱ्याचदा त्याच्याहून जास्त दमलेली असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. चौथा कोपरा वयाने मोठ्या, वचनात मुरलेल्या माणसाचा. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या, आम्ही त्यांना आजीच म्हणायचो. त्या कुठे गेल्या नाहीत, गुडघे दुखायचे. पण रोज पहाटे त्यांनी नाव घेऊन प्रार्थना केली, आणि आम्ही तिघं वैतागलो की आम्हाला झापलं.

चौघं एकाच मंडळीचे असायची गरज नाही. आमच्यातला एक कॅथलिक होता, एक मेथडिस्ट. काही जणांना ते खटकलं. ज्या गावात २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या मंडळ्यांनी आपापली जुनी नावं बाजूला ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं केलं, त्या गावात तरी एका बाजेच्या कोपऱ्यांवरून वाद नसावा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. पाचवा माणूस घेऊ नका. "प्रार्थनेचा विषय" या गोंडस नावाखाली आपल्या मंडळ्यांत जितकी चहाडी चालते तितकी पानठेल्यावरही चालत नसेल. महिला संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "एका बंधूसाठी प्रार्थना करा, नाव सांगत नाही, पण त्यांची नोकरी गेली आहे आणि ते मोहननगरला राहतात" असं लिहिलं की सकाळपर्यंत सगळ्यांना नाव कळतं. माझ्या मित्राच्या बायकोला तिच्या सासूच्या अंत्यविधीत कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "आम्ही प्रार्थना करतोय हो, ते पिणं सुटेल." ती त्यानंतर सहा महिने चर्चला आली नाही. म्हणून आम्ही नियम केला: त्याच्याबद्दल जे बाहेर जाईल ते आधी त्याला विचारून, त्याच्याच शब्दांत. पाळकांनाही सांगायचं तर त्याच्या परवानगीने. याला एकच अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

भेटायला जाताना

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो, पण सुरुवात त्यांनी उत्तम केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी एक शब्द बोललं नाही. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.

त्यामुळे पहिल्या दोन-तीन भेटींत बायबल पिशवीतच राहू द्या. तास-दीड तास बसून चहा प्या. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असताना एका कूलरसमोर सगळं घर झोपलेलं असतं आणि पाहुण्यासाठी त्यांना उठावं लागतं. संध्याकाळी सातनंतर जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, पण मिठाईचा डबाही नको, तो समारंभाचा वाटतो. मोसम असेल तर किलोभर संत्री न्या. सोलता सोलता माणूस बोलतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. नजरेला नजर द्यावी लागत नाही ना.

काय बोलू नये ते मात्र पाठ करून जा. "देव तुझी परीक्षा पाहतोय." "काहीतरी पाप लपलं असेल, शोध." "आमच्या ओळखीत एकाचं तर याहून वाईट झालं होतं." "तू नीट प्रार्थना करत नाहीस." ही वाक्यं बोलणाऱ्याला हलकं करतात आणि ऐकणाऱ्यावर दगड ठेवतात. त्याऐवजी "मी गुरुवारी परत येतो" म्हणा, आणि गुरुवारी खरोखर जा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. शोक करणाऱ्यांना समजावून सांगा असं तो म्हणत नाही.

निघताना मात्र एक छोटी प्रार्थना करा, चार वाक्यांची, आणि तीही "करू का?" असं विचारून. त्यात त्याला उपदेश घुसडू नका. "हे प्रभू, याला समज दे" ही देवाच्या नावाने मारलेली कोपरखळी आहे.

डॉक्टरची गरज असेल तर

दारूच्या बाबतीत हे नीट वाचा. उपवास-प्रार्थनेच्या जोरावर "आजपासून एक थेंब नाही" अशी शपथ घालायची पद्धत आपल्यात आहे. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी थांबवली तर हात थरथरणं, घाम, झोप उडणं सुरू होतं. काहींना झटके येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. त्यावर औषधं आहेत. म्हणून शपथ घालायच्या आधी डॉक्टरकडे न्या. मेडिकलला, म्हणजे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, तिथे व्यसनाचे रुग्ण पाहतात. नंतर सोबत लागते ती अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, लोक नुसतं 'एए' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही सभा आता नागपुरातही भरते. फी नाही आणि आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळी असते. "आपली प्रार्थनासभा असताना त्या सभा कशाला?" असं मला एका वडीलधाऱ्यांनी विचारलं. कारण तिथला प्रत्येक जण बाजेवर पडलेला होता, आणि आपल्या सभेत सगळे पहिल्यापासून चालत असल्यासारखे बसतात.

दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या मित्रासाठी चार सूचना. एक प्लास्टिकची फाईल घ्या आणि जुन्यापासून नव्यापर्यंत सगळे कागद तारखेने लावा. आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स तिच्यात कायम असू द्या. शस्त्रक्रिया किंवा मोठा उपचार निघाला तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. योजनेत वर्षाला एका कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण कोणता उपचार बसतो हे दाखल व्हायच्या आधी विचारलेलं बरं. आणि ओपीडीच्या रांगेत तुम्ही उभे राहा, त्याला बाकावर बसू द्या. मी त्या रांगेत जेवढी प्रार्थना केली तेवढी चर्चमध्ये केली नसेल.

कोणालाही गोळ्या बंद करायला सांगू नका, मग तो साखरेचा आजार असो की डिप्रेशन. पौलाने तीमथ्याला त्याच्या पोटासाठी काय घ्यावं हे लिहिलं. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, त्याने मिलेतात आजारी सोडलं, आणि ही गोष्ट त्याने पत्रात लपवली नाही. प्रेषिताला जिथे औषधाची लाज वाटली नाही, तिथे आपल्याला का वाटावी?

दारातली गर्दी

कफर्णहूमच्या घराचं दार कोणी अडवलं होतं? वचन ऐकायला आलेल्यांनीच. वाईट लोक नव्हते ते. फक्त त्यांची पाठ बाहेरच्या माणसाकडे होती.

बरेच महिने बाहेर राहिलेला माणूस रविवारी परत येतो तेव्हा दारातच त्याला पहिलं वाक्य ऐकू येतं, "अरे वा, आज रस्ता चुकलात?" आपण विनोद करतो. तो परत वळतो. म्हणून त्याला थेट रविवारच्या मोठ्या उपासनेत आणू नका. आधी घरसभेत आणा, पाच-सहा जणांत, गाणी आणि चहा एवढ्यावर. मग एखाद्या आठवड्याच्या मधल्या सभेला. रविवारी आणाल तेव्हा तुम्ही दारात थांबा, त्याच्यासोबत शेवटच्या बाकावर बसा, आशीर्वचन होताच बाहेर पडा. पाळकांना आधी सांगून ठेवा की मंचावरून "आज आपल्यात कोण आले आहेत पाहा" असं म्हणू नये. नाताळच्या गर्दीत आणणं सोपं वाटतं, पण त्या दिवशी सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे असतात. ज्याच्या पोरांना नवे घेता आले नाहीत त्याला तो दिवस सगळ्यात जड जातो.

प्रभुभोजनाबद्दल त्याच्यावर जोर करू नका आणि त्याला अडवूही नका. तो पाळकांचा आणि त्याचा प्रश्न.

छप्पर उसकटण्याचा खर्च

गालीलातली घरं सपाट छपराची असत: लाकडी वासे, त्यांवर काटक्या-फांद्या आणि वर चोपलेली माती. बाहेरून जिना असे. मार्क ते छप्पर खणून मोकळं केल्याचं सांगतो, लूक कौलांचा उल्लेख करतो. काही असो, ते कोणाचं तरी घर होतं, आणि संध्याकाळी कोणीतरी ते दुरुस्त केलं असणारच. मला नेहमी वाटतं, चौघांनीच केलं असावं. वचनात नाही, पण तसंच असावं.

मैत्रीत हे छप्पर म्हणजे तुमचा वेळ, तुमची झोप आणि तुमचा पैसा. पैशाबद्दल आम्ही ठेच खाऊन तीन गोष्टी शिकलो. उसनं देऊ नका. जेवढं परत आलं नाही तरी मनात सलणार नाही तेवढंच द्या आणि विसरा. रोख हातात देऊ नका. फी शाळेत भरा, वीजबिल स्वतः भरा, किराणा दुकानातून घरी पाठवा. आणि कर्जाला जामीन राहू नका. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात शेजाऱ्याला जामीन राहिलेल्याला जे सांगितलंय ते फार स्पष्ट आहे: पारध्याच्या हातातून हरिणी सुटते तसा स्वतःला सोडव. दोघांची घरं बुडाली तर बाज उचलणार कोण?

चिकाटीची प्रार्थना, वहीत

मध्यरात्री शेजाऱ्याचं दार ठोठावणाऱ्या माणसाचा दाखला लूकच्या अकराव्या अध्यायात आहे. त्याला तीन भाकरी हव्या होत्या. आपण त्यातला चिवटपणा लक्षात ठेवतो आणि एक गोष्ट विसरतो: त्या भाकरी त्याला स्वतःसाठी नको होत्या. प्रवासातून आलेल्या मित्रापुढे वाढायला त्याच्या घरात काही नव्हतं. दुसऱ्यासाठी ठोठावताना लाज कमी वाटते, आणि रिकाम्या हाताने ठोठावायला हरकत नसते.

पद्धत साधी ठेवा. एक वही, पानावर तारीख, त्याचं नाव आणि एकच मागणी, त्याने सांगितलेली. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं. चौघांची वेळ एकच असेल तर चांगलं, आमची रात्री साडेनऊची होती. महिन्याने चौघांनी बसून मागची पानं वाचायची. पहिल्या महिन्यात आमच्या वहीत "नोकरी" असं रोज लिहिलं होतं. दुसऱ्या महिन्यात आजींनी विचारलं, "अरे, तो झोपतो का नीट?" तेव्हापासून मागणी बदलली. उपवास धरायचा तर मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरला विचारूनच.

किती दिवस? याला उत्तर नाही. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने कवी ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, १९०० मध्ये. स्टेशनावर उतरताना त्या प्रवाशाच्या पदरात काय पडलं होतं? एक पुस्तक कमी झालेली पिशवी.

काही प्रार्थनांचं उत्तर आपण मागतो तसं येतच नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि त्याला मिळालं ते "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढंच. हे वाक्य प्रभूने पौलाला म्हटलं. ते मित्राच्या तोंडावर फेकायचा अधिकार आपल्याला नाही. त्याला ते स्वतः ऐकू येईपर्यंत आपण वही चालू ठेवायची.

तो परत पडेल तेव्हा

माझा मित्र सात महिने कोरडा राहिला आणि मग पोळ्याच्या दिवशी परत प्यायला. मी चिडून दोन आठवडे फोन केला नाही. माझ्या सगळ्या चुकांत ही सगळ्यात मोठी. परत पडणं हा त्या आजाराचाच भाग आहे हे मला एएमधल्या एका काकांनी सांगितलं, तेही हसत. पडल्याचं कळलं की त्याच दिवशी जा, काही विचारू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे न्या. हिशेब नंतर.

कोणती गुपितं ठेवू नयेत

मघाशी म्हटलेला अपवाद हा. मित्र मरण्याची भाषा बोलू लागला, वस्तू वाटून टाकू लागला, "तुम्हाला आता त्रास देणार नाही" म्हणाला, तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार वाढत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येतं, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. तिथे वचन दिलेलं गुपित मोडावं लागतं.

घरात मारहाण असेल तर त्याच्या बायकोला "सहन कर बाई, प्रार्थना कर" असं सांगणाऱ्या मंडळीत तुम्ही नसा. तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तिची सुरक्षितता आधी, त्याचं सावरणं नंतर.

आणि तुमच्याही अंगात किती जीव आहे ते पाहा. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात दुसरं वचन म्हणतं, एकमेकांची ओझी वाहा. पाचवं म्हणतं, प्रत्येकाने आपला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे वेगळे शब्द आहेत: पहिलं चिरडून टाकणारं वजन, दुसरा ज्याचा त्याने न्यायचा बोजा. पहिल्याला खांदा द्या. दुसरा उचलायला गेलात तर तो माणूस कधीच उभा राहणार नाही.

बाज त्याच्या हातात

येशूने त्या माणसाला नुसतं "चाल" म्हटलं नाही. "आपली बाज उचलून आपल्या घरी जा," म्हटलं. चौघं अजून छपरावरच असतील, वाकून खाली पाहत. वर्षभर उचललेली बाज आता दुसऱ्याच्या खांद्यावर जाताना पाहणं सोपं नसतं. मदत करणाऱ्याला मदतीची सवय लागते. म्हणून थोडंथोडं सोडत जा. आधी फोन तो करेल असं ठरवा. मग डॉक्टरची तारीख त्याने लक्षात ठेवायची. मग घरसभेत चहा त्याने करायचा.

मागच्या हिवाळ्यात मेडिकलला त्याची तपासणी होती. मी नेहमीसारखा सकाळी फाईल काखेत मारून गेटवर उभा. तो स्कूटरवरून आला, आधी टपरीवर दोन कटिंग सांगितल्या, पैसे दिले आणि हात पुढे केला.

"दे ते फाईल इकडे. तू कायले थांबून राहिला? जा ना बे घरी."